एका विद्यार्थ्याचा प्रश्न

शाळा उघडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात साने गुरुजींचे स्मरण करण्याचा प्रघात आम्ही गेली अनेक वर्षे पाळत आलो आहोत. ११ जून ही त्यांची पुण्यतिथी बहुधा सुट्टीतच येते. म्हणून शाळा भरल्यावर एके दिवशी प्रार्थनेनंतर मुलांना त्यांच्याविषयी चार शब्द सांगावयाचे, 'श्यामची आई'तील एखादी रात्र वाचून दाखवावयाची, एवढाच तो कार्यक्रम. आमच्या सायलीच्या परिसरात मुले घरी वारली बोलतात, बाजारात गुजराती बोलतात आणि कारखान्यांच्या वसाहतीत हिंदी. पुस्तकी मराठी त्यांना शाळेतच भेटते. पण श्यामच्या पायांना माती लागू नये म्हणून आई दगडावर पदर पसरते, ते या मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका सकाळी वाचन संपल्यावर नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, साने गुरुजी कशाने वारले?"

आम्ही उत्तरलो, "आजारी होते," आणि घाईने पुढच्या सूचनेकडे वळलो.

मधल्या सुट्टीत तोच मुलगा आमच्या खोलीच्या दाराशी आला. हातात शाळेच्या ग्रंथालयातले, पुठ्ठा निघालेले एक जुने चरित्र होते. ते उघडून त्याने टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "सर, यात वेगळं लिहिलंय." आम्ही काही बोलण्यापूर्वीच घंटा झाली. तो निघून गेला. पुस्तक तसेच उघडे राहिले.

या मुलाचे वडील आदल्या पावसाळ्यात गेले होते. कसे गेले, याविषयी गावात कोणी मोठ्याने बोलत नसे. हे आम्हांस ठाऊक होते. प्रार्थनेच्या वेळी मात्र ते आमच्या ध्यानात आले नाही, याची लाज आजही वाटते.

त्या रात्री झोप आली नाही. पावसाची झड लागली होती आणि वीजही गेली होती. मराठी विषय घेऊन आम्ही एम्.ए. झालो, तीस वर्षे वर्गात गुरुजी शिकविले आणि एवढ्या काळात त्यांच्या मृत्यूविषयी एक सरळ वाक्य कधी उच्चारले नाही. जणू ते वाक्य उच्चारताच त्यांचे सारे लेखन खोटे ठरणार होते! आपली श्रद्धा इतकी तकलादू असते काय?

वाचकांना गुरुजींचे जीवन परिचित आहे, तेव्हा विस्तार नको. २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगडला त्यांचा जन्म झाला. अंमळनेरच्या शाळेत आणि वसतिगृहात ते मुलांमध्ये रमले, १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये ते उपोषणास बसले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू केले. तुमच्याआमच्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना विशेष जवळची वाटावी ती आंतरभारतीची कल्पनाही त्यांचीच. आणि ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपविले.

याचे कारण काय, हे पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितले आहे. गांधीजींच्या हत्येचा आघात, स्वातंत्र्यानंतरचा भ्रमनिरास, अतिकोमल मन. यांतले प्रत्येक खरे असेल. पण दुसऱ्याच्या अशा मरणाचे एकच कारण ठामपणे सांगणारा मनुष्य आम्हांस नेहमीच उतावळा वाटत आला आहे. मनालाही ज्वर येतो. तो उतरविण्याची विद्या आज जेवढी आहे तेवढी १९५० साली नव्हती, आणि असा ज्वर आलेल्या माणसाने तो बोलून दाखवावा, हे तर आजही आपल्या घरांतून कोणाला रुचत नाही.

आम्हांस छळीत होती ती गोष्ट निराळीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारा हात गुरुजींचा. गीतेचा आरंभ विषादाने होतो. हातातले धनुष्य गळून पडलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचाच तो ग्रंथ. तो ज्याने शब्दशः उतरून घेतला, त्याच्याही वाट्याला ही अखेर यावी! मग श्रद्धेचा उपयोग काय?

टॉलस्टॉयचे स्मरण झाले. वय पन्नाशीचे, 'युद्ध आणि शांती' व 'ॲना कॅरेनिना' लिहून झालेल्या, जमीनजुमला, कीर्ती, भरले घर, काही उणे नाही. आणि तरीही जगावयाचे कशासाठी या प्रश्नाने त्यांना असे घेरले की स्वतःचेच भय वाटू लागले. १८७९च्या सुमारास लिहावयास घेतलेल्या आपल्या कबुलीजबाबात त्यांनी पूर्वेकडची म्हणून एक कथा सांगितली आहे. श्वापदाच्या भयाने एक वाटसरू विहिरीत उतरतो. तळाशी अजगर जबडा पसरून बसलेला. वाटसरू मध्येच एका फांदीला लोंबकळतो, तो एक काळा आणि एक पांढरा उंदीर ती फांदी कुरतडत असलेले दिसतात. तेवढ्यात पानांवर त्याला मधाचे थेंब दिसतात आणि तो ते चाटू लागतो. टॉलस्टॉय म्हणतात की कुटुंब आणि लेखन हे आपले दोन थेंब होते, पण आता त्यांची गोडी गेली. उंदीर आणि अजगर तेवढे दिसतात.

ही कथा आपल्या घरची आहे. महाभारताच्या स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेल्या धृतराष्ट्राला विदुर ती सांगतो. तिथे विहिरीच्या काठावर सहा तोंडांचा आणि बारा पायांचा हत्ती आहे. तो संवत्सर, त्याचे ऋतू आणि महिने. मुळे कुरतडणारे उंदीर म्हणजे दिवस आणि रात्री. जैन परंपरेत तीच मधुबिंदूची कथा म्हणून प्रसिद्ध आहे. भाषांतरे होत होत ती युरोपात गेली.

आजवर ही गोष्ट आम्ही वर्गात एकाच अर्थाने सांगत आलो: पाहा, मृत्यू समोर असताना हा मूर्ख मध चाटतो आहे! त्या रात्री प्रथमच वाटले की आपण त्या माणसावर अन्याय केला. उलटे टांगलेल्या, खाली साप, वर हत्ती अशा अवस्थेतही त्याला मध गोड लागतो आणि जगण्याची आशा सुटत नाही, हे व्यासांनी लिहून ठेवले आहे. शास्त्री त्याला मोह म्हणोत. ज्याची जीभ कडू झाली आहे त्याला ती गोडी म्हणजे काय, ते विचारून पाहावे. टॉलस्टॉयनाही पुढे जो काही आधार सापडला तो तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत नव्हे, तर कष्ट करून देवाचे नाव घेणाऱ्या निरक्षर शेतकऱ्यांच्या जगण्यात सापडला.

आणि आपले तुकोबा? १६३०च्या दुष्काळात अन्नावाचून बायको गेली, संतू नावाचा मुलगा गेला, व्यापार बुडाला, पत गेली. हे त्यांनीच सांगितले आहे. आपल्यापुरता देव मेला, असेही ते एका अभंगात म्हणून चुकले आहेत. वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा तेरा दिवस काठावर पडून राहिल्याची कथा आपण चमत्कारासाठी ऐकतो. आम्हांस त्यातले ते तेरा दिवस महत्त्वाचे वाटतात. वह्या वर येतील हे त्यांना चौथ्या दिवशी कुठे ठाऊक होते? निराशा तुकोबांनाही होती, गुरुजींनाही होती. तुकोबा मात्र तिच्याशी मोठ्याने भांडले, विठ्ठलाला चारचौघांत शिव्या देऊन भांडले. गुरुजींनी दुसऱ्यांसाठी अश्रू ढाळले. स्वतःचे दुःख बहुधा कोणाच्या ओटीत टाकले नाही. याहून अधिक काही म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला बोलाविले. व्हरांड्यात पाऊस येत होता, म्हणून ग्रंथालयात बसलो.

"काल आम्ही खोटं सांगितलं, ते चुकलं," आम्ही म्हणालो. "गुरुजींनी स्वतःच आपला जीव दिला. ते मनानं फार थकले होते. कोणाला सांगितलं असतं तर कदाचित वाचले असते. माणसानं सांगावं."

तो पुस्तकाच्या निघालेल्या पुठ्ठ्याशी चाळा करीत होता.

"त्यांना मुलं आवडायची ना?"

"फार."

"तरी?"

"हो. तरी."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग खाली पाहूनच त्याने विचारले, "म्हणजे मुलांची काही चूक नव्हती?"

"नव्हती," आम्ही म्हणालो. "मुळीच नव्हती."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतक्या खात्रीने दिलेले दुसरे उत्तर आम्हांस आठवत नाही. त्याने पुस्तक उचलले, कपाटात जागेवर ठेवले आणि तो वर्गात गेला.

त्यानंतर आम्ही त्याच्या घरी जाऊन आलो. आई कारखान्यात जाते, म्हणून रविवारी गेलो. तिने काळा चहा दिला. नवऱ्याविषयी ती बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. निघताना मात्र तिनेच सांगितले की पोरगा रात्री उठून बसत असे, आता झोपतो. आठवड्यातून एकदा तो आमच्यापाशी येऊन बसेल, असे ठरले. आला की कधी गणित काढी, कधी नुसताच बसे.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने टेबलावर अर्ज ठेवला. अक्षर वाईट आणि शुद्धलेखनाच्या चुका तीन. शेतात भाताची लावणी आहे, माणसे कमी आहेत, चार दिवस रजा मिळावी.

"वडिलांचं शेत?" आम्ही विचारले.

"हो सर. या वर्षी मी चिखल करणार. काका म्हणाले, बैल देतो."

आम्ही चुका दुरुस्त करून अर्जावर सही केली.