वीरनायकाचा आदिबंध आणि लोकरंजनाच्या ऱ्हासाची धारणा : मराठी रंगभूमी व चित्रपट यांच्या संदर्भात

प्रस्तावना

आजच्या करमणुकीत आदर्श नायक उरलेला नाही, अशी तक्रार महाविद्यालयीन चर्चासत्रांतून आणि प्राध्यापक-कक्षांतून वारंवार ऐकू येते. पोवाड्यातील तानाजी, रंगभूमीवरील भीम, पडद्यावरील तुकाराम यांच्या जागी आता विनोदी, गोंधळलेली किंवा केवळ हाणामारी करणारी पात्रे आली आहेत आणि त्यामुळे तरुण पिढीपुढे अनुकरणीय असे काही राहिलेले नाही, असा या तक्रारीचा आशय असतो. या तक्रारीत दोन विधाने एकत्र मिसळलेली आहेत. नायकाची उंची कमी झाली, हे पहिले विधान. नायकाची उंची कमी झाल्यामुळे लोकरंजनाचा दर्जा घसरला, हे दुसरे. पहिले विधान बऱ्याच अंशी खरे आहे; परंतु त्यावरून दुसरे सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात मराठी परंपरेतील काही ठळक उदाहरणांच्या आधारे ही दोन विधाने वेगळी करून पाहण्याचा आणि हानी झालीच असेल तर ती नेमकी कोठे झाली आहे याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

आदिबंधाची संकल्पना

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या विवेचनातून साहित्यसमीक्षेत आलेल्या संकल्पनेला मराठीत ‘आदिबंध’ हा शब्द रूढ झाला आहे. आदिबंध म्हणजे एखादे ठरावीक पात्र नव्हे. वेगवेगळ्या काळांत वेगवेगळी पात्रे ज्या मूळ आकारातून घडतात, तो आकार म्हणजे आदिबंध. जोसेफ कॅम्बेल यांनी 1949 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हिरो विथ अ थाउजंड फेसेस’ या ग्रंथात अनेक संस्कृतींतील वीरकथांमागे प्रस्थान, दीक्षा आणि परतणे अशी तीन टप्प्यांची एकच रचना असल्याचे प्रतिपादन केले. नायक परिचित जग सोडतो, कठीण कसोटीतून जातो आणि आपल्या समाजासाठी काहीतरी घेऊन परततो. ही मांडणी निरनिराळ्या संस्कृतींतील भेद पुसून टाकते आणि स्त्रीच्या अनुभवाला त्यात पुरेसे स्थान नाही, असे आक्षेप तिच्यावर घेतले गेले. ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

आपल्याकडे नायकाच्या प्रकारांचा विचार फार पूर्वीपासून झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आणि पुढे दहाव्या शतकातील धनंजयाच्या ‘दशरूपका’त धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार येतात. रामासारखा धीरोदात्त नायक हा त्यांपैकी केवळ एक. ‘मृच्छकटिका’तील निर्धन झालेला चारुदत्त हा धीरप्रशांत, तर कलासक्त वत्सराज उदयन हा धीरललित. या चारही प्रकारांत समान असलेला शब्द ‘धीर’ हा आहे. म्हणजे शास्त्रकारांच्या दृष्टीने पराक्रमाची जात बदलू शकते, धैर्य मात्र सुटत नाही.

नॉर्थ्रॉप फ्राय यांनी 1957 मध्ये ‘अ‍ॅनॉटमी ऑफ क्रिटिसिझम’ या ग्रंथात नायकाच्या कर्तृत्वशक्तीनुसार पाच पातळ्या कल्पिल्या. देवसमान नायक, अद्भुतकथेतील नायक, सामान्यांहून श्रेष्ठ असा नेता, आपल्यासारखाच सामान्य माणूस आणि आपल्याहूनही दुबळा, उपरोधाचा विषय झालेला नायक, असा हा उतरता क्रम आहे. युरोपीय साहित्याचे केंद्र शतकानुशतके या क्रमाने खाली सरकत आले, असे त्यांचे निरीक्षण आहे. मात्र या संदर्भातील ‘उच्च’ आणि ‘निम्न’ हे शब्द मूल्यवाचक नाहीत, असा स्पष्ट खुलासा त्यांनी केला आहे. ऱ्हासाची तक्रार करताना नेमका हाच खुलासा आपण विसरतो.

ऱ्हासाच्या तक्रारीचा इतिहास

लोकरंजन बिघडले ही भावना नवी नाही. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ (1967) या ग्रंथाच्या शेवटच्या लेखात, महाभारतातील कठोर आणि निर्भ्रम जीवनदृष्टी पुढील साहित्यातून लोपली व तिची जागा भक्ती आणि स्वप्नरंजन यांनी घेतली, अशा आशयाची मांडणी केली आहे. ही मांडणी स्वीकारल्यास ऱ्हासाचा आरंभ चित्रपटाच्या कितीतरी शतके मागे न्यावा लागेल.

अलीकडच्या काळातील उदाहरण तमाशाचे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. त्यानंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमण्यात आली. आज तोच तमाशा जतन करण्यायोग्य वारसा म्हणून अभ्यासक्रमांत आणि महोत्सवांत सन्मानाने येतो, आणि त्याची जुनी अस्सलता हरवली अशी खंतही व्यक्त होते. एका पिढीला जो ऱ्हास वाटला तोच पुढील पिढीला सुवर्णकाळ वाटू शकतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

यामागे स्मृतीची निवडही असते. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून निघालेल्या मूकपटांपैकी बहुसंख्य आज नष्ट झाले आहेत. बोलपटांच्या पहिल्या दशकातीलही मोजकीच नावे आपल्या ओठांवर आहेत. काळाने चाळून ठेवलेल्या उत्तमाची तुलना आपण आजच्या न चाळलेल्या सरसकट निर्मितीशी करतो. अशा तुलनेत वर्तमान नेहमीच हरणार.

मराठी नायकाची बदलती रूपे

सिंहगडच्या 1670 मधील लढाईवरील शाहीर तुळशीदासाचा पोवाडा हा मराठी वीरनायकाच्या आदिबंधाचा प्रातिनिधिक नमुना मानता येईल. तानाजी घरचे लग्नकार्य बाजूला ठेवून मोहिमेवर निघतो, ही या कथेची कळ आहे. श्रोत्याच्या मनावर ठसतो तो केवळ त्याच्या तलवारीचा पराक्रम नव्हे. गड हाती येतो, पण माणूस परतत नाही. कॅम्बेल यांच्या मांडणीतील तिसरा टप्पा येथे नायकाच्या देहाने पूर्ण होत नाही, तो त्याच्या मोलाने पूर्ण होतो.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ हे नाटक 1907 मध्ये रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातील, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन, भीमात जहाल पक्ष आणि युधिष्ठिरात मवाळ पक्ष पाहिला. 1910 मध्ये सरकारने या नाटकावर बंदी घातली. पौराणिक नायक ही निरुपद्रवी करमणूक असते, या समजाला यापेक्षा स्पष्ट उत्तर नाही. येथेही भीमाच्या कृतीला मोल आहे : अज्ञातवास उघड झाल्यास पांडवांना पुन्हा वनवास पत्करावा लागेल, हा धोका सतत उभा असतो. युधिष्ठिराचा संयम हा भ्याडपणा ठरत नाही आणि म्हणूनच दोघांमधील वादाला वजन येते.

1936 मध्ये दामले व फत्तेलाल यांनी ‘संत तुकाराम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. पुढील वर्षी व्हेनिस येथील महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. येथे वीराच्या हाती शस्त्र नाही. पण तुकारामाच्या विरक्तीचे मोल घरातील उपाशी मुले आणि चिडलेली, कष्टणारी पत्नी चुकवत असते, हे चित्रपट लपवत नाही. गौरी यांनी उभी केलेली जिजाई नसती, तर हा चित्रपट केवळ चमत्कारांची मालिका ठरला असता.

स्वातंत्र्योत्तर काळात नायक अधिक खाली उतरला. 1959 च्या ‘फकिरा’ या कादंबरीत अण्णा भाऊ साठे यांनी मांग समाजातील, भुकेल्या माणसांसाठी लूट करणारा बंडखोर नायकपदी बसवला. आदिबंध तोच, मात्र त्यावरील हक्क कोणाचा, हा प्रश्न येथे बदलला. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ (1972) या चित्रपटात तर आदर्श नायक ही कल्पनाच तपासली आहे. गावाने पूजलेला गुरुजी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो आणि आपली प्रतिमा टिकावी म्हणून मौन पत्करतो. प्रतिमा वाचते, माणूस जातो. तीन वर्षांनी आलेल्या ‘सामना’त (1975) विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी दारूच्या आहारी गेलेला एक मास्तर उभा केला. फ्राय यांच्या क्रमात तो तळाच्या पायरीवरचा. तथापि, मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हा प्रश्न साखरसम्राटाच्या अंगणात विचारण्याचे धैर्य त्याच दुबळ्या माणसाकडे आहे. शास्त्रकारांचा ‘धीर’ येथे सुटलेला नाही.

दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ने (1971) सुरू झालेल्या धारेला अनेकांनी ऱ्हासाचा पुरावा मानले. तथापि सोंगाड्या हे तमाशातील जुने पात्र आहे. वगातील राजाची फजिती करण्याचा अधिकार परंपरेनेच त्याला दिला आहे. मोठेपणाची थट्टा हीही लोकपरंपरेची गरज होती. ती वीरनायकाच्या शेजारी नांदत आली आहे.

एकविसाव्या शतकातील दोन उदाहरणे पुरेशी आहेत. ‘श्वास’मध्ये (2004) शस्त्रक्रियेने नातवाची दृष्टी जाणार हे कळल्यावर त्याला एकदा जग दाखवू पाहणारा खेड्यातील आजोबा हा नायक आहे. ‘सैराट’मध्ये (2016) प्रियकराला वाचवण्याचे, निर्णय घेण्याचे आणि घर सोडण्याचे कार्य आर्ची करते. प्रस्थान आणि दीक्षा हे दोन्ही टप्पे तिच्या वाट्याला येतात. परतणे मात्र जातिव्यवस्था होऊ देत नाही. या चित्रपटाने मराठीतील उत्पन्नाचे तोवरचे विक्रम मोडले. मोल चुकवणारी कथा लोकांना नको असते, हा समज त्यामुळे टिकत नाही.

हानी कोठे झाली

वरील उदाहरणांत नायकाची उंची सतत बदलते. बदलत नाही ती त्याने किंवा त्याच्या माणसांनी चुकवलेली किंमत. लोकरंजनाचे मूल्यमापन करताना हाच निकष अधिक उपयोगी ठरतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. या निकषाने पाहिल्यास वर्तमानातील तीन उणिवा दिसतात.

पहिली उणीव म्हणजे आदिबंधाची पाककृती होणे. कॅम्बेल यांचे विवेचन हे झालेल्या कथांचे वर्णन होते. हॉलिवुडमधील कथासल्लागार ख्रिस्तोफर व्होगलर यांनी 1992 च्या ‘द रायटर्स जर्नी’ या पुस्तकात त्याचे पटकथालेखनासाठी टप्प्याटप्प्याचे मार्गदर्शन केले. वर्णनाचे असे विधान झाले की प्रत्येक वळण आधीच ओळखता येते. नायक संकटात पडतो, पण तो तरून जाणार याची खात्री प्रेक्षकाला असल्याने धैर्याला अर्थ उरत नाही.

दुसरी उणीव दैनंदिन मालिकांच्या रचनेत आहे. दूरदर्शनवरील ‘रामायण’ 78 भागांत आणि ‘महाभारत’ 94 भागांत संपले. खासगी वाहिन्यांच्या काळात मालिका चालू ठेवणे हेच उद्दिष्ट झाले. ज्या कथेला शेवट नाही तिच्यात परतणे नाही. आणि कोणताही निर्णय पुढे उलटवता येत असेल, तर त्याची किंमतही कोणाला चुकवावी लागत नाही. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’सारख्या चरित्रमालिकेला इतिहासानेच अटळ शेवट पुरवला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

तिसरी आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे प्रतिनायकाचे खुजे होणे. गेल्या काही वर्षांत ‘फर्जंद’ (2018) आणि ‘पावनखिंड’ (2022) या मराठी चित्रपटांपासून ‘तान्हाजी’ (2020) आणि ‘छावा’ (2025) या हिंदी चित्रपटांपर्यंत ऐतिहासिक वीरांची रांगच लागली. तेव्हा वीरनायक नाहीसा झाला, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. प्रश्न असा विचारावयास हवा की समोरचा शत्रू कसा रंगवला जातो. रामायणातील रावण विद्वान आणि पराक्रमी आहे; त्याच्या मृत्यूनंतर वैर संपले असे सांगून राम बिभीषणाला त्याचे अंत्यसंस्कार करावयास लावतो. रावणाच्या या मोठेपणामुळेच रामाचा विजय मोठा होतो. शत्रू केवळ क्रूर आणि किळसवाणा दाखवला की नायकाला विवेकाची गरज उरत नाही. अशी कथा प्रेक्षकाला धैर्य देण्याऐवजी द्वेषाची सवय लावते. ‘कीचकवधा’चा अनुभव सांगतो की रंगमंचावरील आदिबंध प्रेक्षागृहाबाहेर चालत जातो, म्हणून ही बाब केवळ अभिरुचीची नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. नायकाचे सामान्य होणे हा ऱ्हास नव्हे. त्यामुळे पूर्वी कथेबाहेर राहिलेली माणसे कथेच्या केंद्रस्थानी आली. ऱ्हासाची धारणा प्रत्येक पिढीत आढळते आणि तिच्यामागे स्मृतीची निवड असते. तरीही ती सर्वस्वी निराधार नाही. कथेतून किंमत, शेवट आणि तुल्यबळ प्रतिनायक हरवतात तेव्हा झालेली हानी खरी असते. ती जशी आज होते तशी पूर्वीही होत असे.

अध्यापकांच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ असा की विद्यार्थ्यांच्या आवडीच्या चित्रपटाची केवळ हेटाळणी करून काही साधत नाही. त्यांना तीन प्रश्न विचारता येतील : या नायकाने काय गमावले? त्याच्यासाठी इतर कोणी काय गमावले? आणि त्याचा शत्रू माणूस होता का? हेच प्रश्न तुळशीदासाच्या पोवाड्याला आणि ‘संत तुकारामा’लाही विचारावेत. जुन्या कलाकृती त्यांतून अधिक जवळच्या होतील, आणि नव्यांपैकी कोणत्या टिकण्याजोग्या आहेत, हे विद्यार्थी स्वतःच ठरवू शकतील.