चियांग माई : विहार पाहावेत आणि पाट्याही वाचाव्यात

आमच्या वस्तीतल्या विहारात बसवलेली बुद्धमूर्ती थायलंडहून आलेली आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांमध्ये अशा थाई घडणीच्या, सोनेरी कांतीच्या मूर्ती दिसतात. आमच्या विहारातली मूर्ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसण्याचे काम गेली अनेक वर्षे माझी माय करते. तिला अक्षरओळख नाही. ही मूर्ती ज्या मुलखातून आली तो मुलूख एकदा डोळ्यांनी बघावा, एवढीच तिची इच्छा होती. वस्तीतल्या वीस-बावीस माणसांनी दोन वर्षे भिशी लावून पैसे साठवले आणि डिसेंबर महिन्यात आम्ही उत्तर थायलंडमधल्या चियांग माई प्रांतात आठ दिवस राहून आलो.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर आहे. परत आल्यावर विद्यार्थ्यांनी विचारले, "सर, काय पाहिले?" या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एक सहलीच्या पत्रकात छापलेले असते : डोंगरावरचा सोनेरी स्तूप, जुने विहार, आदिवासींची गावे, रात्रीचा बाजार. दुसरे उत्तर त्या स्थळांवर उभे असताना आपल्याला जे प्रश्न पडतात त्यांचे. बौद्ध देश म्हणजे समतेचा देश, असे एक सोपे समीकरण आमच्यापैकी बहुतेकांच्या मनात होते. ते तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शहराविषयी. मांगराय राजाने १२९६ साली चियांग माई वसवले आणि आपल्या लान्ना राज्याची ती राजधानी केली. 'लान्ना' म्हणजे दहा लाख भातशेते. जुने शहर चौकोनी असून त्याच्याभोवती पाण्याचा खंदक अजून टिकून आहे. १५५८ पासून सुमारे दोन शतके येथे ब्रह्मी सत्ता होती. १७७४ नंतर हा मुलूख सयामच्या छत्राखाली आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बँकॉकने येथला कारभार जवळजवळ पुरता आपल्या हाती घेतला. आज ज्याला आपण थायलंड म्हणून एकसंध समजतो त्याच्या पोटात असे जिंकलेले, आपली भाषा आणि लिपी असलेले प्रदेश आहेत. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे काही उलगडत नाही.

तिकडे विहाराला 'वाट' म्हणतात. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा म्हणजे वाट चेत योत, सात शिखरांचा विहार. पंधराव्या शतकात तिलोकराज राजाने तो बांधवला. त्याचा आराखडा बोधगयेच्या महाबोधी विहारावरून घेतलेला आहे. मूळ वास्तू शेकडो मैलांवर असताना तिची आठवण विटा आणि चुन्यात उभी करणाऱ्या त्या कारागिरांचे नवल वाटते. बाहेरच्या भिंतींवर चुनेगच्चीत घडवलेल्या देवतांच्या आकृती झिजल्या असल्या तरी त्यांचे हात जोडलेले दिसतात. याच विहारात १४७७ साली त्रिपिटकाची संहिता तपासून शुद्ध करण्यासाठी संगीती भरली होती. थाई परंपरा तिला आठवी संगीती मानते.

तेथे उभे असताना आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "नकलेवर बौद्धांचा ताबा आहे, मग मुळावर का नाही?" प्रश्न रास्त आहे. १९४९ च्या बोधगया मंदिर कायद्याने महाबोधी विहाराची व्यवस्था एका समितीकडे दिली. तिच्यात चार सभासद बौद्ध आणि चार हिंदू असतात, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असतो. तो अध्यक्ष हिंदूच असला पाहिजे ही अट २०१३ साली निघाली. समितीची घडण मात्र तीच राहिली. महाबोधीच्या मुक्तीसाठी नागपूरपासून बिहारपर्यंत आपली माणसे लढत आली आहेत. चियांग माईत हा प्रश्न अधिक टोचतो, कारण त्या अंगणात कोणी कोणाला परवानगी विचारत नाही.

शहराच्या मधोमध वाट चेदी लुआंग आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा विटांचा प्रचंड स्तूप पंधराव्या शतकात पुरा झाला. १५४५ च्या भूकंपात त्याचा माथा कोसळला. आज बँकॉकमध्ये असलेली प्रसिद्ध पाचूची बुद्धमूर्ती पंधराव्या-सोळाव्या शतकांत येथे होती. स्तूपाचा तुटका माथा मुद्दाम पुन्हा बांधलेला नाही, आणि ते बरे झाले. भंगलेली वास्तू इतिहास अधिक सांगते.

पत्रकात पहिल्या क्रमांकावर असतो तो डोई सुथेपचा स्तूप. शहराच्या पश्चिमेला डोंगरावर, नागांच्या कठड्यांमधून तीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर तो सोन्यासारखा झळकतो. पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर अस्थिधातू ठेवून त्याला मोकळे सोडले, तो जेथे थांबला तेथे चौदाव्या शतकात स्तूप झाला, अशी आख्यायिका आहे. प्रवासी हत्तीची गोष्ट ऐकतात आणि मोटारीत बसून घाट चढतात. त्या घाटाची गोष्ट मात्र फार थोडे ऐकतात.

डोंगराच्या पायथ्याशी एका भिक्षूचा पुतळा आहे. हे ख्रुबा श्रीविचय. शेजारच्या लांफुन प्रांतातल्या एका गरीब शेतकरी कुटुंबात १८७८ साली त्यांचा जन्म झाला. १९०२ च्या संघ कायद्याने बँकॉकने देशभरातल्या भिक्षूंना एका अधिकारश्रेणीत बसवले; प्रव्रज्या कोणी द्यायची याचेही परवाने आले. श्रीविचयांनी परवान्याची वाट न पाहता आपल्या लोकांना दीक्षा दिली. त्यांच्यावर वारंवार चौकश्या झाल्या, त्यांना अडकवून ठेवले गेले, बँकॉकला नेण्यात आले. लोकांनी मात्र त्यांना सोडले नाही. डोंगरातले करेन लोकही त्यांच्या मागे आले. नोव्हेंबर १९३४ मध्ये त्यांनी डोई सुथेपच्या रस्त्याची पहिली कुदळ मारवली. गावोगावचे लोक आपापली खोरी, फावडी, शिधा घेऊन आले, आणि सुमारे अकरा किलोमीटरचा घाट सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १९३५ मध्ये, पुरा झाला. सरकारी पैशाने नव्हे, श्रमदानाने.

ही तारीख वाचून मी थबकलो. नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपल्या माणसांनी २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू केला, तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. एकीकडे गरीब माणसे स्तूपापर्यंत जाणारा रस्ता स्वतःच्या हातांनी खोदत होती. त्याच काळात दुसरीकडे गरीब माणसे बंद दारापुढे लाठ्या आणि दगड खात होती. मायला मी हे सांगितले. तिने पुतळ्यापुढे फुले ठेवली आणि म्हणाली, "ह्यो आपला मानूस दिसतोय."

येथपर्यंत सारे मनासारखे होते. दुसऱ्या दिवशी शहरातल्याच एका जुन्या विहाराच्या आवारात एका छोट्या मंदिराच्या दाराशी पाटी दिसली. थाई आणि इंग्रजी अशा दोन भाषांत ती होती. मायने विचारले, "काय लिव्हलंय रं?" आमच्या घरात वाचता येणारा पहिला माणूस मी. तलाठ्याच्या कागदापासून दवाखान्याच्या चिठ्ठीपर्यंत सगळे तिला मीच वाचून दाखवत आलो. त्या दिवशी मात्र खोटे सांगावेसे वाटले. पण मी सांगितले : "स्त्रियांना आत प्रवेश नाही." ती थोडा वेळ पाटीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडं तर मीच मूर्ती पुसते." आणि थोड्या वेळाने, "तू जा. बघून ये." मी गेलो नाही.

हा एखाद्या विहाराचा दोष नाही. उत्तर थायलंडमध्ये अनेक ठिकाणी अस्थिधातू असलेल्या स्तूपाच्या आतल्या कठड्यात किंवा विशिष्ट वास्तूत स्त्रियांना मज्जाव असतो. जमिनीखाली पवित्र वस्तू पुरलेल्या आहेत आणि स्त्रीच्या मासिक पाळीने त्यांची शक्ती क्षीण होते, हे त्याचे कारण सांगतात. विटाळाची ही भाषा आपल्याला नवी नाही. ती कोणत्या ग्रंथातून आपल्या अंगावर आली हेही आपल्याला ठाऊक आहे. बुद्धाच्या वचनांत तिला आधार नाही. तरीही ती विहाराच्या दारात उभी आहे. २००४ साली थायलंडच्या एका महिला सिनेटरने या मज्जावाविषयी जाहीर प्रश्न केला, तेव्हा चियांग माईत तिच्याविरुद्ध निदर्शने झाली, आणि त्यांत स्त्रियाही होत्या. रूढी तिच्या बळींकडूनच स्वतःचे रक्षण करून घेते, हा आपलाही अनुभव आहे.

भिक्षुणीसंघाचेही तेच. स्त्रियांना प्रव्रज्या देऊ नये असा आदेश थाई संघाने १९२८ साली काढला आणि तो अद्याप मागे घेतलेला नाही. प्राध्यापिका असलेल्या छत्सुमान कबिलसिंह यांनी २००३ साली श्रीलंकेत जाऊन उपसंपदा घेतली आणि त्या भिक्षुणी धम्मनंदा झाल्या. खुद्द चियांग माई प्रांतात, चोम थोंग तालुक्यात, निरोधाराम नावाचे भिक्षुणींचे आश्रमस्थान आहे. सहलीच्या पत्रकात त्याचे नाव नव्हते. ज्याला जाणे शक्य आहे त्याने आवर्जून जावे.

वाट सुआन दोक या विहाराच्या आवारात बौद्ध विद्यापीठाची शाखा आहे, आणि तेथे तरुण भिक्षू व श्रामणेर पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलायला बसतात. मी ज्याच्याशी बोललो तो श्रामणेर डोंगरातल्या खेड्यातला होता. गावात शाळा पुरेशी नव्हती, घरी पैसा नव्हता, म्हणून बाराव्या वर्षी चीवर घेतले, आता बी. ए. करतो आहे, घरातला पहिलाच. मी वसतिगृहात राहून शिकलो, हे त्याला सांगितले. आम्ही दोघे हसलो. उत्तरेत गरिबांच्या मुलांसाठी विहार हेच वसतिगृह आणि हीच शाळा, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. मग मी विचारले, "आणि तुझी बहीण?" तो म्हणाला, "ती शहरात कामाला आहे." पुढे तो बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

आता डोंगरातल्या माणसांविषयी. करेन, हमोंग, लाहू, लिसू, आखा अशा अनेक जमाती या प्रांतात राहतात. डोई इंथानोन हे २५६५ मीटर उंचीचे थायलंडमधले सर्वोच्च शिखर याच प्रांतात आहे, आणि त्याच्या उतारांवर करेन व हमोंगांची गावे आहेत. जंगल राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा तेथे आधीपासून राहणारी माणसे कागदोपत्री अतिक्रमक ठरली. आपल्याकडच्या आदिवासींना हे वेगळे समजावून सांगायला नको. उन्हाळ्याच्या तोंडावर प्रांतात दाट धूर साचतो. त्याची कारणे अनेक, पण बोट आधी डोंगरातल्या शेतकऱ्याकडे जाते. त्याहून मोठा प्रश्न नागरिकत्वाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने सुमारे ४ लाख ८३ हजार राष्ट्रहीन माणसांना कायम वास्तव्य व नागरिकत्व लवकर मिळावे म्हणून ठराव केला. त्यांत डोंगरी जमातींचे लोक मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे ज्यांचे पोशाख पर्यटनाच्या भित्तिपत्रकांवर झळकतात त्यांच्यापैकी अनेकांपाशी त्या देशाचे ओळखपत्र नाही.

पत्रकातले शेवटचे स्थळ होते 'लांब मानेच्या बायकांचे गाव'. या कयान जमातीच्या स्त्रिया. १९८० च्या दशकापासून ब्रह्मदेशातल्या यादवीतून पळून त्यांची कुटुंबे थायलंडमध्ये आली. मानेभोवतीच्या पितळी वेटोळ्यांनी मान लांबत नाही. त्या भाराने गळ्याची हाडे आणि बरगड्या खाली दबतात. २००८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाने उघड केले की न्यूझीलंड व फिनलंड काही कयानांना घ्यायला तयार असूनही त्यांना देश सोडण्याची परवानगी मिळत नाही. माणसे प्रदर्शनातून बाहेर पडू शकत नाहीत, हा त्याचा अर्थ.

दारात तिकीट होते. मी ते काढून आत गेलो, हे लपवत नाही. एक मुलगी मागावर बसली होती. आमच्यातल्या एका तरुणाने फोन उचलला, तशी ती हात थांबवून हसली; सवयीने. मला माझे लहानपण आठवले. शहरातून काही लोक 'अभ्यासा'साठी आमच्या वस्तीत आले होते. त्यांनी मायला डोक्यावर घागर घेऊन झोपडीपुढे उभे केले आणि फोटो काढला. घागर रिकामी होती. तो फोटो आम्हाला कधी पाहायला मिळाला नाही. मागे वळून पाहिले तर माय दाराबाहेरच बसलेली होती. ती आत आलीच नव्हती.

मग धम्माने काय केले, असे कोणी विचारील. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो उगाच नाही. आमच्या मोटारीचा चालक भला माणूस होता. डोंगरातल्या लोकांविषयी मी विचारले, तर म्हणाला, "त्यांचे मागच्या जन्मीचे पुण्य कमी." त्याच्या आवाजात द्वेष नव्हता. उतरंड टिकायला द्वेष लागत नाही. तिला एक स्पष्टीकरण पुरते. धम्म स्वीकारला की समता आपोआप येते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. श्रीविचयांच्या रस्त्यासारखी ती खोदावी लागते.

तेव्हा मित्रहो, चियांग माईला जरूर जा. चेत योतपुढे उभे राहा. डोई सुथेपचा स्तूप पाहण्याआधी पायथ्याच्या भिक्षूला वंदन करा. श्रामणेरांशी बोला. डोंगरातल्या बाईच्या हातचे विणकाम घ्या, पण तिचे तिकीट काढू नका. आणि पाट्या वाचा. वाचता न येणाऱ्यांनाही खरे वाचून दाखवा.

परतल्यावर वस्तीत सभा झाली. सगळ्यांनी स्तूपांची वर्णने केली. शेवटी माय उठली आणि म्हणाली, "तिथं पाटी तरी व्हती. आपल्या विहाराच्या कमिटीत बाई कुठंय?" अकरा जणांच्या समितीत एकही स्त्री नाही, हे तोवर माझ्याही लक्षात आले नव्हते. मी त्या समितीचा सचिव आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा पहिला विषय म्हणून मी लिहून दिला आहे.