मुदतीची मूलद्रव्ये

जुन्नर तालुक्यात खोडदच्या शिवारात व त्याच्या आसपास, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून साकारलेली ही जीएमआरटी दुर्बीण मृत ताऱ्यांचा मागोवा घेते, परंतु त्या ताऱ्यांनी घडविलेल्या किरणोत्सारी द्रव्यांचे दप्तर मात्र तिला उलगडत नाही, कारण त्या द्रव्यांची साक्ष गॅमा किरणांत असते आणि ते किरण वातावरणात अडतात.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाच्या ताऱ्याच्या गर्भात हायड्रोजन जळत असताना मॅग्नेशियम-२५ एक प्रोटॉन गिळून अ‍ॅल्युमिनियम-२६ होते, ज्याचा अर्धायुकाल सुमारे सात लक्ष वर्षांचा. आणि तारा पुरेसा प्रचंड असेल तर त्याचे उग्र वारे, स्फोटाची वाट न पाहता, ते द्रव्य बाहेर उधळून देतात. लोह-६० ची घडण अधिक अवघड. लोह-५८ ने एक न्यूट्रॉन ग्रहण केला की लोह-५९ होते, पण त्याचा अर्धायुकाल अवघा दीड महिन्याचा, म्हणून त्या अवधीत दुसरा न्यूट्रॉन लाभला तरच पुढील पायरी गाठता येते, आणि न्यूट्रॉनांचा एवढा सुकाळ ताऱ्याच्या उत्तरायुष्यातील तप्त थरांतच असतो. अखेरच्या स्फोटात निकेल-५६ निर्माण होते. त्याचे काही दिवसांत कोबाल्ट आणि कोबाल्टचे काही महिन्यांत लोह होते. १९८७ साली मोठ्या मॅगेलन मेघात फुटलेल्या ताऱ्याचा प्रकाश याच कोबाल्टच्या ऱ्हासाच्या गतीने मंदावत गेला.

आकाशगंगेचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक असल्याने आरंभीचे अ‍ॅल्युमिनियम-२६ केव्हाच निःशेष झालेले असणार. तरीही १९७९ साली सोडलेल्या हीओ-३ या अमेरिकन उपग्रहास त्याचे किरण आढळले, आणि २००६ साली युरोपच्या इंटेग्रल उपग्रहाच्या निरीक्षणांवरून त्याची आकाशगंगेतील एकूण बेरीज सुमारे पावणेतीन सूर्यांएवढी ठरली. अर्थात घडण अद्याप चालू आहे, आणि यापरता सबळ दाखला माझ्या मते दुसरा नाही.

जीएमआरटीच्या वाट्याला या प्रकरणाची दुसरी बाजू येते: स्फोटाच्या आघाततरंगात सापडून वेगावलेल्या इलेक्ट्रॉनांचे रेडिओतरंग. एम-८१ दीर्घिकेत १९९३ साली दिसलेल्या स्फोटाचा अभ्यास तिने असाच केला.

सध्याच्या मध्य प्रदेशात १९४० साली सेमरकोना येथे पडलेल्या अशनीत आढळलेले, अ‍ॅल्युमिनियम-२६ च्या ऱ्हासातून उरणाऱ्या मॅग्नेशियम-२६ चे आधिक्य असे दर्शविते की सूर्यमालेच्या जन्मकाळी अ‍ॅल्युमिनियम-२६ येथेही हजर होते. ते कोठून आले याचा निवाडा व्हावयाचा आहे. परंतु अशनींत लोह-६० चा अंश अल्पच आढळतो, हे पाहता स्फोटापेक्षा एखाद्या प्रचंड ताऱ्याच्या वाऱ्याकडेच मनाचा कल होतो.