कंडेन्सरला कोणते तेल?

न्यूझीलंडला ऑकलंड येथे राहणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले आहे. त्याचा मुलगा शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठी ठिणग्या पाडणारे यंत्र करीत आहे, आणि त्याचा उच्च दाबाचा कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे पात्र, तो घरीच बांधणार. "गुरुजी, त्यात कोणते तेल घालावे?" शेजाऱ्याच्या शेडमध्ये जुना ट्रान्सफॉर्मर पडला आहे, त्यातले तेल फुकट मिळेल, असेही तो लिहितो. त्या ओळीमुळेच आम्ही लगेच लिहायला बसलो.

मुलाची हौस त्या देशाला शोभणारी आहे. ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजात अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १८९४ च्या सुमारास तळघरातल्या थंडगार खोलीत लायडन बरणीतील वीज सोडून लोखंडाच्या चुंबकत्वाचे प्रयोग केले. ही बरणी म्हणजे कंडेन्सरचेच जुने रूप. दाब वाढला की तिच्या पत्र्याच्या कडेची हवा निळसर चमकते आणि वीज गळते. तेलाचे काम ही हवा हाकलण्याचे. एक मिलिमीटर हवा सुमारे ३,००० व्होल्ट सोसते. तेवढेच स्वच्छ, कोरडे ट्रान्सफॉर्मर तेल १२,००० च्या वर. मात्र कोरडेच हवे. थोडी ओल किंवा कापसाचा एखादा धागा गेला की ही ताकद झपाट्याने घटते.

आपल्या आजीचे एरंडेल, म्हणजे तांतांचे तेल, याही कामाचे आहे बरे का! पत्र्यांमध्ये नुसते तेल असेल तर खनिज तेलाच्या दुप्पट वीज साठते. पण ते दाट. बुडबुडे सुटत नाहीत, शिवाय ओल ओढते. नवख्याने नवे, सीलबंद खनिज तेलच घ्यावे.

आता ते फुकटचे तेल. जुन्या ट्रान्सफॉर्मरांत आणि कंडेन्सरांत पी. सी. बी. नावाचे रसायन असू शकते. ते सहज पेट घेत नाही म्हणून पूर्वी वापरात होते. पण ते शरीरात साठून राहते, आणि २०१३ साली जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने ते कर्करोगकारक ठरवले. न्यूझीलंडने आपला साठा फ्रान्सला पाठवून जाळून घेतला. त्यावरील बंदीचा स्टॉकहोम करार २००४ साली न्यूझीलंडने आणि आपल्या मॉरिशसनेही मान्य केला. साध्या तेलात मिसळलेले पी. सी. बी. नजरेने ओळखता येत नाही.

आम्ही उत्तर धाडले: झाकण उघडू नका, ऑकलंड कौन्सिलला विचारा. आणि कंडेन्सर वीज बंद केल्यावरही जीव घेण्याइतकी वीज धरून ठेवतो. म्हणून जाणकार शिक्षक जवळ असल्याशिवाय मुलाने तो जोडू नये, आणि काम नसताना त्याची दोन्ही टोके तारेने बांधलेलीच ठेवावीत.