बांधाच्या खालीं काय आहे?

धरण म्हटलें कीं वर्धा जिल्ह्यांतील माणसाच्या डोळ्यांपुढें बोर नदीवरील मातीचें धरण व त्याचा विस्तीर्ण जलाशय उभा राहतो. परंतु शेतांतील ओघळींवर घातलेले लहान मातीचे बांधहि धरणेंच होत, आणि त्यांचा मालक पुष्कळदां स्वतः शेतकरीच असतो. ही रीत विदर्भास नवी नाहीं. पूर्वेकडील भंडारा-चंद्रपूर भागांतील तलाव मालगुजारांच्या मालकीचे होते. 1950 च्या कायद्यानें मालगुजारी संपुष्टांत आल्यावर ते सरकारकडे गेले.

धरणांची धोक्याच्या दृष्टीनें जी वर्गवारी करतात, तिजविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. धरण भक्कम आहे कीं दुबळें, हें ती सांगतच नाहीं. तें फुटल्यास खालच्या अंगास किती प्राणहानि व वित्तहानि होईल, एवढेंच ती सांगते. बांधाखालीं आज नुसतें पडीत रान असेल तर धोका अल्प. उद्यां तेथें चार घरें उभीं राहिलीं, कीं बांधाची एक टोपली माती न हलतांहि त्याचा वर्ग बदलतो.

उंचीवरून होणारा भेद निराळा. 2021 च्या धरण सुरक्षा अधिनियमांत 15 मीटरांहून उंच धरणें येतात. 10 ते 15 मीटर उंचीचीं, लांबी, सांठा वगैरे अटींपैकीं एखादी लागू पडल्यास येतात. मालक खासगी असला म्हणून सुटका नाहीं. मात्र 10 मीटरांखालील बांध या कायद्याबाहेर राहतो, आणि त्याची राखण सर्वस्वीं मालकाच्या दक्षतेवर येते.

मालकाची हयगय कोठवर जाते, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. पेनसिल्व्हेनियांतील साउथ फोर्क येथील मातीचें धरण धनिकांच्या एका क्लबाच्या मालकीचें होतें. माथ्यावरून घोडागाड्या जाव्या म्हणून त्यांनीं माथा खालीं केला. तळाचे निचऱ्याचे नळ पूर्वींच काढले गेले होते, ते पुन्हां बसविले नाहींत. वर मासे निसटूं नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या लाविल्या! 31 मे 1889 रोजीं अतिवृष्टि झाली, जाळ्यांत केरकचरा अडकला, पाणी माथ्यावरून वाहूं लागलें आणि धरण फुटलें. जॉन्सटाउन शहर व त्या खोऱ्यांतील गांवें मिळून 2,209 माणसें मरण पावलीं.

आपल्याकडेहि सांठा हातभर वाढावा या लोभानें सांडव्यांत दगड रचणारे आढळतात. दगडी भिंतीवरून पाणी गेलें तर ती बहुधा टिकते, मातीचा बांध टिकत नाहीं. त्यांतून आपली काळी माती ओलाव्यानें फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून ती बांधाच्या पोटांत थराथरानें चोपून वर मुरुमाचें आवरण द्यावें लागतें. सुटींत गांवीं गेल्यावर विद्यार्थ्यांनीं वडिलांसह मृगापूर्वीं बांधावरून एक फेरी मारावी. भेगा, घुशींचीं बिळें, उतारावर उगवलेलीं झाडें पाहावीं. झाडाचें मूळ कुजलें कीं त्या जागीं पाण्यास आयती वाट मिळते.

पावसाळ्यांत बांधाच्या पायथ्याशीं झिरपणारें पाणी पेल्यांत धरून पाहावें. तें नितळ असेल तर रोज नजर ठेवावी. गढूळ असेल तर आंतली माती वाहूं लागली आहे असें समजावें, आणि खालच्या घरांतील माणसें आधीं हलवून, तहसील कचेरीस वर्दी देऊन, मगच दुरुस्तीचा विचार करावा.