आघातोत्तर तणाव विकार (नैसर्गिक आपत्ती)

आघातोत्तर तणाव विकार हा नैसर्गिक आपत्तीसारख्या जीवघेण्या प्रसंगातून वाचलेल्या काही व्यक्तींना जडणारा मानसिक विकार आहे. प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास, दुःस्वप्ने, आठवणी टाळणे व सतत दचकणे ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकून दैनंदिन जीवनात अडथळा आणू लागल्यास हे निदान केले जाते.

३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुरात मोर्शीच्या वरच्या अंगाला असलेल्या मोवाड (ता. नरखेड) येथे २०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. अशा पुराची आठवण जागवणारा पावसाळा दरवर्षी परततो. तो टाळता येत नाही. त्यामुळे वाचलेल्यांमध्ये अनेक वर्षांनंतरही लक्षणे उफाळू शकतात. हा मनाचा दुबळेपणा नव्हे; मानसोपचार व गरजेनुसार औषधे यांनी तो आटोक्यात येतो. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.