शर्यत वळणावर ठरते

मोटारींचे वेड नसलेला वर्ग सापडणे कठीण. कोणत्या गाडीचा कमाल वेग किती, हे मुलांना तोंडपाठ असते. घर्षणांकाची व्याख्या मात्र काही केल्या पाठ होत नाही. या वेडाचाच आधार घेऊन घर्षण आणि वर्तुळाकार गती शिकवता येईल, असे आम्हाला वाटते. त्यासाठी आधी शर्यतीच्या मैदानात जाऊ या आणि तिथे जे कळेल ते बिरवाडीहून वरंध घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तपासून पाहू या.

उभे कुठे राहावे?

30 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे, बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर, भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. एक फेरी 5.125 किलोमीटरची, फेऱ्या 60. आपला नारायण कार्तिकेयन तीत होता. जिंकला जर्मनीचा सेबास्टियन फेटेल. मोटारवेड्याला वाटते, एक किलोमीटरहून लांब असलेल्या सरळ पट्ट्याजवळच जागा मिळावी, कारण तिथे गाड्या ताशी 300 किलोमीटरच्या पुढे जातात. पण तिथे दिसते काय? एक रंगीत रेघ आणि कान बधिर करणारा आवाज.

आता थोडा हिशेब करू. फेटेलची सर्वांत जलद फेरी 1 मिनिट 27.249 सेकंदांची होती. 5125 मीटरला 87.249 सेकंदांनी भागले, तर सरासरी वेग सेकंदाला 58.7 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 211 किलोमीटर येतो. मग 300 गेले कुठे? ते वळणांनी खाल्ले. सरळ रस्त्यावर गाडी इंजिनाच्या जोरावर धावते. वळणावर मात्र टायर रस्त्याला किती धरून ठेवतो, यावर सारे अवलंबून असते. पाहायचे असेल तर वळणावर उभे राहावे.

वळणाचे गणित

सपाट वळणावर गाडीला आत ओढणारे अभिकेंद्री बल फक्त टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. म्हणून:

सुरक्षित कमाल वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्व त्वरण × वळणाची त्रिज्या

या सूत्रात गाडीचे वस्तुमान नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. जड गाडीला घर्षण अधिक मिळते, पण तिला वळवायला बळही तेवढेच अधिक लागते. (उंच भरलेला ट्रक घसरण्याआधी उलटू शकतो, तो प्रश्न वेगळा.) दुसरे, सूत्रात वेगाचा वर्ग आहे. वेग दुप्पट हवा असेल, तर त्रिज्या चौपट लागते.

मग शर्यतीची गाडी इतक्या वेगाने वळते कशी? तिच्या पुढच्या-मागच्या पंखांचा आकार विमानाच्या पंखाच्या उलट असतो. विमानाला हवा वर उचलते, या गाडीला खाली दाबते. पाटीवर खोडरबर ठेवून दोऱ्याने ओढा. मग पट्टीच्या टोकाने वरून दाबून ओढा. जोर जास्त लागेल. वस्तुमान न वाढवता घर्षण वाढवण्याची ही युक्ती आहे.

कढईतली गोटी

दुसरी युक्ती रस्त्यालाच तिरका करण्याची. कढईत गोटी गोल फिरवा. वेग वाढला की ती कडेकडे चढते, मंदावली की खाली येते. मध्य प्रदेशात पीथमपूर येथे 2021 मध्ये खुला झालेला वाहन-चाचणीचा 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार मार्ग याच तत्त्वावर आहे. त्याच्या वळणांचा तटस्थ वेग ताशी 250 किलोमीटरपर्यंत आहे. तटस्थ वेग म्हणजे असा वेग, की ज्याला रस्त्याचा उतारच गाडीला पुरेसे आत ढकलतो आणि टायरच्या आडव्या घर्षणाची गरजच उरत नाही.

बाहेर, आत, बाहेर

वळणावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आणखी एक गोष्ट दिसते. चालक वळणाच्या बाहेरच्या कडेने येतो, मध्यावर आतल्या कडेला चिकटतो आणि पुन्हा बाहेरच्या कडेला निघून जातो. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरल्यामुळे त्याच्या वाटेची त्रिज्या वाढते आणि तेवढाच वेग अधिक ठेवता येतो.

नेमकी हीच गोष्ट मुले उचलतात आणि इथेच शिक्षकाने थांबायला हवे. मैदानात सगळे एकाच दिशेने धावतात आणि घसरणाऱ्या गाडीसाठी बाहेर मोकळी जागा राखलेली असते. वरंध घाटात ‘बाहेर, आत, बाहेर’ म्हणजे समोरून येणाऱ्याची बाजू. वळणापलीकडे एस.टी. आहे की टँकर, ते दिसत नाही. घसरले तर एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

20 मीटर त्रिज्येचे सपाट वळण घ्या. कोरड्या डांबराचा घर्षणांक 0.7 आणि गुरुत्व त्वरण 10 धरले, तर वेगाचा वर्ग 140. म्हणजे वेग सेकंदाला 11.8 मीटर, ताशी साधारण 42 किलोमीटर. महाड-पोलादपूरच्या पावसात घर्षणांक निम्म्यावर आला असे समजा. वेगाचा वर्ग 70, वेग ताशी 30. ही घसरण्याची सीमा झाली. वाळू, चिखल किंवा गुळगुळीत टायर असेल तर ती आणखी खाली येते. चालवायचे ते तिच्या पुष्कळ आत.

वर्गासाठी

रस्त्यावर जाऊन मोजमाप करू नये. शाळेचे मैदान पुरेसे आहे. दोरी आणि फक्कीने 2 मीटर आणि 8 मीटर त्रिज्येची वर्तुळे आखा. रेघ न सोडता शक्य तितक्या वेगाने मुलांना पळायला सांगा, वेळ मोजा आणि वेग काढा. त्रिज्या चौपट आहे. वेग दुप्पट येतो का? येत नसेल तर का? लहान वर्तुळावर पळताना शरीर कोणीकडे झुकते? सकाळी दवाने गवत ओले असताना काय फरक पडतो? मोठ्या मुलांना आणखी एक प्रश्न देता येईल: वळणाची जीवा 24 मीटर आणि मध्याशी कमानीची उंची 4 मीटर असेल, तर त्रिज्या किती? उत्तर 20 मीटर येईल. मग तिच्यावरचा वेग त्यांनीच काढावा. लवकरच ज्यांच्या हाती मोटारसायकल येणार आहे, त्यांनी हा आकडा स्वतः काढलेला असावा.